नवी बांधणी-स्क्रिप्ट वापरात घेण्याआधी: सापडलेल्या चुका आणि सुरक्षेचे प्रश्न

खिळेजुळारी (नांदेड)

मंडळी,

प्रबंध आणि पत्रिका बांधायची, म्हणजे लिहिलेल्या फाइलीपासून छापायची पीडीएफ तयार करायची, आपली जुनी शेल स्क्रिप्ट (शेल म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आता पायथन या प्रोग्रामिंग-भाषेत नव्याने लिहून झाली आहे. परभणी, लातूर, जालन्याकडे काहींनी ती चालूही केली आहे. दुधना यांनी हे काम स्वतःचा वेळ घालून, एक रुपया न घेता केलंय, त्याबद्दल मनापासून आभार. तरीही नवी स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचल्यावर माझं मत असं झालंय की दुरुस्त्या होईपर्यंत बाहेरून आलेल्या फायलींवर ती चालवू नये.

नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. अक्षरजुळणीचं खरं काम टेक् या प्रणालीतला झीलाटेक् हा प्रोग्राम करतो. स्क्रिप्ट त्याच्या मागे-पुढे उभी असते: फाइल घेते, अनुक्रमणिका आणि संदर्भ जुळेपर्यंत झीलाटेक् पुन्हा पुन्हा चालवते, घोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामकडून पीडीएफ हलकी करून घेते आणि पुस्तिका असेल तर सोळा पानांचा फर्मा लावून देते. दिसायला ही हमालीच आहे. पण विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या डीटीपी सेंटरात दिवसभर अनोळखी माणसांचे पेनड्राइव्ह लागतात आणि त्यातली प्रत्येक फाइल आधी या स्क्रिप्टच्या हातात पडते. झीलाटेक्ला कुठली मोकळीक द्यायची, घोस्टस्क्रिप्टला किती आवरून धरायचं, हे सगळं स्क्रिप्टच ठरवते. म्हणून इथली चूक मला झीलाटेक्मधल्या चुकीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

पहिली गोष्ट फायलींच्या नावांची. ब्राउझरमधून तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की नावाला कंसात आकडा लागतो. अशी फाइल दिली की नवी स्क्रिप्ट शेलची चूक दाखवून थांबते, हे बऱ्याच जणांनी पाहिलंय. नाव बदललं की काम होतं, म्हणून कोणी तक्रार केली नाही. पण ही चूक येते कुठून ते बघा. स्क्रिप्ट आज्ञा आणि फाइलचं नाव एकाच ओळीत चिकटवते आणि ती अख्खी ओळ शेलच्या हवाली करते. शेलला कंसाचा अर्थ लागतो, तसाच अर्धविरामाचा, डॉलरचा आणि उलट्या अवतरणाचाही लागतो. लिनक्समध्ये ही सगळी चिन्हं फाइलच्या नावात चालतात. म्हणजे नावात अर्धविराम टाकून त्यापुढे कोणी एखादी आज्ञा लिहिली, तर प्रबंध बांधता बांधता ती आज्ञाही आपल्या संगणकावर चालेल. कंसाची अडचण आणि हे भगदाड, दोन्ही एकाच ओळीतून आलेत.

नावाभोवती अवतरणचिन्ह घाला, असं काहींनी सुचवलंय. तेवढ्याने भागत नाही, कारण नावातच अवतरणचिन्ह असलं की आपलं अवतरण तिथेच बंद होतं. पायथनमध्ये योग्य रीत एकच आहे: शेलला मध्ये घ्यायचंच नाही, आज्ञा आणि तिचे सगळे घटक यादीच्या रूपात सुटे सुटे द्यायचे. शिवाय नाव उणे चिन्हाने सुरू होत असेल तर झीलाटेक् त्याला फाइल न समजता आज्ञेसोबतचा पर्याय समजतो, त्यामुळे नावाआधी चालू फोल्डरचं टिंब आणि तिरकी रेघ लावायची.

दुसरी गोष्ट शेल-एस्केपची. जुनी स्क्रिप्ट ही मोकळीक देत नव्हती. नवी मात्र कोणालाही न विचारता कायमची देते. या मोकळिकीत टेक्च्या फाइलीतली एक ओळ संगणकावर कुठलीही आज्ञा चालवू शकते. टेक् लाइव्ह या टेक्च्या तयार संचात २०१० पासून मर्यादित शेल-एस्केप आपोआप चालू असतं आणि त्यात मोजक्या प्रोग्रामांचीच यादी आहे. त्या यादीतही एकदा चूक निघाली होती. मेटापोस्ट हा आकृत्या काढणारा प्रोग्राम यादीत होता आणि त्याच्यामार्फत हवी ती आज्ञा चालवता येत होती, म्हणून त्याला यादीतून काढावं लागलं. सुरक्षेच्या चुकांच्या सीव्हीई या जाहीर यादीत ती नोंद सीव्हीई-२०१६-१०२४३ या क्रमांकाने आहे. यादी बनवणाऱ्या जाणकारांना इतकं जपून चालावं लागतं, तिथे आपण यादीच बाजूला सारून सगळं उघडं ठेवणं मला पटत नाही.

बाकीच्या गोष्टी पुढे लिहितो. आधी तुमचे अनुभव येऊ द्या.

बिंदुसरा (बीड)

जुळारीभाऊ, सुरक्षेतलं मला फार कळत नाही, पण या नव्या स्क्रिप्टने माझं नुकसान केलंय ते सांगतो.

लग्नपत्रिकेचं दुसरं प्रूफ होतं. मुलीकडच्यांनी मुहूर्त बदलून आणला, दुपारचा १२.३५ काढून गोरज धरली. पोराने फाइलीत बदल केला, स्क्रिप्ट चालवली, खाली हिरव्या अक्षरात ‘पूर्ण’ आलं. पीडीएफ घेतली अन् सरळ मशीनवर. गठ्ठे बांधून झाल्यावर मुलीच्या मामाने एक पत्रिका हातात घेऊन वाचली, तर त्यात दुपारचाच मुहूर्त. सगळा कागद वाया, पुन्हा छपाई, वरून माणसं तोंडावर बोलली ते वेगळंच.

नंतर बघितलं तर बदललेल्या ओळीत एक महिरपी कंस बंद करायचा राहिला होता. म्हणजे झीलाटेक्ने नवी पीडीएफ केलीच नव्हती. फोल्डरात आदल्या दिवसाची पडली होती, तीच पुढे गेली. कंस राहणं रोजचं आहे. पण काम झालं नसताना ‘पूर्ण’ काऊन म्हणायचं? जुनी स्क्रिप्ट असं कधी करत नव्हती. लगीनसराईत लोकं दारात उभे असतात, प्रत्येक फाइल उघडून बघायला वेळ कुठाय?

खिळेजुळारी (नांदेड)

काका, नुकसानीचं वाचून वाईट वाटलं. तुमचं निदान बरोबर आहे. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे देतो. शून्य म्हणजे निभावलं, दुसरं काहीही म्हणजे बिघडलं. नवी स्क्रिप्ट झीलाटेक् आणि घोस्टस्क्रिप्ट दोघांनाही बोलावते, पण त्यांनी दिलेला आकडा बघतच नाही. पायथनमध्ये तो तपासायला एक शब्द पुरतो, तो राहिलाय.

जुन्या स्क्रिप्टमध्ये याच्याही आधी एक ओळ होती: बांधणी सुरू करतानाच मागची पीडीएफ पुसून टाकायची. त्या ओळीवर खुलासा नव्हता, त्यामुळे नव्याने लिहिताना ती निरुपयोगी वाटून गळाली असावी. माझं म्हणणं, पुसणंही पुन्हा आणा आणि आकडाही तपासा. शिवाय तयार होणारी पीडीएफ आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि सगळं नीट पार पडल्यावरच खरं नाव द्या. घोस्टस्क्रिप्ट मध्येच पडला तर अर्धवट पीडीएफ खऱ्या नावाने फोल्डरात राहू नये.

दुधना (जालना)

नमस्कार. स्क्रिप्ट मीच लिहिलीय, त्यामुळे उत्तर देणं माझं काम आहे.

आधी पुन्हा का लिहिली ते. जुनी स्क्रिप्ट पहिल्या ओळीत साध्या शेलचं नाव सांगायची आणि आत मात्र बॅश या दुसऱ्या शेलची खास लिखाई वापरायची. उबंटू या लिनक्सच्या वितरणाने २००६ साली, ६.१० या आवृत्तीपासून साधा शेल म्हणून डॅश बसवला, त्याला बॅशची ती लिखाई कळत नाही. डेबियननेही पुढे तेच केलं. त्यामुळे जुनी स्क्रिप्ट एका संगणकावर चालायची आणि शेजारच्या संगणकावर पडायची. विंडोजवर तर ती थेट चालत नव्हती आणि आपल्याकडे प्रेसवाले बहुतेक विंडोजवरच आहेत. पुन्हा लिहिणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. टेक् लाइव्हमध्येच फॉन्टांचे नकाशे लावणारी अपडेटमॅप ही स्क्रिप्ट शेलमधून पर्ल या भाषेत गेली, २०१५ साली फॉरमॅट बनवणारी एफएमटीयूटिल गेली.

जुनी निर्दोष होती असंही नाही. फोल्डरातल्या चित्रांची नावं ती यादी छापून, तिचे मोकळ्या जागेवर तुकडे करून घ्यायची. नावात मोकळी जागा असली की चित्र गळायचं.

आता तुमचे मुद्दे. यादीच्या रूपात आज्ञा देण्याचा मुद्दा मान्य, बदल सुरू केलाय. निकालाचा आकडा आणि जुनी पीडीएफ पुसणं हेही घेतो. बिंदुसरा काकांच्या कामाला हे आधीच असायला हवं होतं.

शेल-एस्केपवर मात्र माझं वेगळं म्हणणं आहे. संगणकशास्त्राच्या प्रबंधात प्रोग्रामचे उतारे रंगीत छापायला मिंटेड हे पॅकेज लागतं आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या शेल-एस्केपशिवाय चालतच नाहीत. विद्यार्थी सादर करायच्या आदल्या रात्री येतात. त्यांना चूक झाल्याचा संदेश दाखवून परत पाठवायचं का?

काळीमाती (परभणी)

मी एका संस्थेचे सर्व्हर सांभाळतो. हा धागा वाचताना एक जुनं प्रकरण आठवलं, ते इथे सांगण्यासारखं आहे.

ग्रॉफ हे युनिक्सच्या परंपरेतलं जुनं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर. लिनक्सवर मॅन्युअलची पानं त्याच्यातूनच जुळतात. त्याच्यासोबत दुसऱ्या प्रोग्रामांना बोलावून काम करून घेणाऱ्या काही छोट्या स्क्रिप्टही येतात. त्यातली पीडीएफरॉफ ग्रॉफचं उत्पादन घोस्टस्क्रिप्टकडे देऊन पीडीएफ बनवते, म्हणजे आपल्या स्क्रिप्टचीच भावकी. तिच्यात दोन चुका निघाल्या. एक अशी की तात्पुरती फाइल अंदाज करता येईल अशा नावाने बनायची. त्याच संगणकावरचा दुसरा कोणी त्या नावाची सांकेतिक जोडणी आधीच करून ठेवू शकायचा. मग स्क्रिप्ट तात्पुरती फाइल म्हणून जे लिहायची, ते जोडणीच्या पलीकडल्या खऱ्या फाइलीवर जायचं. ही सीव्हीई-२००९-५०४४, ग्रॉफ १.२१ च्या आधीच्या आवृत्त्यांतली. दुसरी सीव्हीई-२००९-५०७८, म्हणजे घोस्टस्क्रिप्टला सेफर हा पर्याय न लावता बोलावणं. सेफर नसेल तर आलेल्या पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या पानांची भाषा) फाइलीला संगणकावरच्या इतर फायली वाचता-लिहिता येतात.

आपल्या नव्या स्क्रिप्टमध्ये या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा आहेत. तात्पुरत्या फाइलीचं नाव प्रक्रियेच्या क्रमांकावरून केलंय आणि तो क्रमांक कोणालाही दिसतो. सेफर तर काढूनच टाकलंय.

त्याच ग्रॉफमधली आणखी एक चूक मला जास्त शिकवून गेली. समीकरणं आणि आकृत्या चित्ररूपात काढणाऱ्या तीन स्क्रिप्ट तिथे होत्या: ईक्यूएन, ग्रॅप आणि पिक यांच्या. त्या तात्पुरती फाइल थेट न बनवता आधी एक फोल्डर बनवायच्या. योजना चांगली होती. पण फोल्डर बनवण्याचा प्रयत्न फसला तर काय, याची सोय धड नव्हती. ती सीव्हीई-२००९-५०८०. दुधना भाऊ, तुम्ही पायथनचं तात्पुरतं फोल्डर बनवणारं तयार साधन वापरा. ते यादृच्छिक नाव घेतं, फक्त मालकालाच परवानगी ठेवतं, फोल्डर बनलं नाही तर तिथेच थांबतं आणि काम संपल्यावर स्वतः पुसून टाकतं. हातानं नाव जुळवत बसायचं कारणच उरत नाही.

मांजराकाठ (लातूर)

सर, एक शंका. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच सर्व्हरवर सगळे विद्यार्थी लॉगिन करतात. अशा सांकेतिक जोडणीपासून लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्वतःच संरक्षण देतं असं वाचलंय. मग आम्हाला धोका आहे का?

काळीमाती (परभणी)

बरोबर वाचलंय. कर्नल ३.६ मध्ये, २०१२ साली, ती सोय आली. सामायिक तात्पुरत्या फोल्डरात दुसऱ्याने केलेल्या जोडणीच्या मागे कर्नल जात नाही. बहुतेक वितरणांत ती चालू असते. पण सर्व्हरवर ती चालू आहे का हे एकदा तपासून घ्या. आणि ती असली तरी अंदाज करता येणाऱ्या नावाचा दुसरा त्रास राहतोच: कोणी त्या नावाची फाइल आधीच बनवून ठेवली तर तुमची बांधणी अडते. परीक्षेच्या दिवसांत तेवढंही पुरेसं आहे.

दुधना (जालना)

काळीमाती सर, सेफर मी विचार करून काढलं होतं. घोस्टस्क्रिप्ट ९.५० पासून, म्हणजे २०१९ पासून, ते आपोआप लागतं. मग पुन्हा लिहायचं कशाला, असं वाटलं.

काळीमाती (परभणी)

तुमच्या संगणकावर ते लागतं. स्क्रिप्ट मात्र बीडच्या प्रेसमध्येही चालते, हिंगोलीच्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवरही चालते आणि तिथे कुठलं घोस्टस्क्रिप्ट आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. पर्याय लिहिला तर नव्या आवृत्तीत काही बिघडत नाही आणि जुन्या आवृत्तीत वाचवतो.

सेफर असलं म्हणजे झालं, असंही समजू नका. २०२३ मध्ये घोस्टस्क्रिप्टच्या परवानगी-तपासणीतच चूक निघाली. पाइप जोडून आज्ञा चालवण्याची ती वाट १०.०१.२ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी सेफर चुकवणारी आणखी एक चूक १०.०३.१ मध्ये दुरुस्त झाली. म्हणून स्क्रिप्टने सुरुवातीला घोस्टस्क्रिप्टची आवृत्ती विचारावी आणि फार जुनी असेल तर स्पष्ट मराठीत सांगून थांबावं, असं मला वाटतं.

आणि जे मराठीसाठी झीलाटेक्ऐवजी लुआलाटेक् वापरतात त्यांनी आपलं टेक् लाइव्हही बघावं. लुआलाटेक्च्या पोटातलं लुआटेक् १.१७.० च्या आधीचं असेल तर शेल-एस्केप बंद असतानाही फाइलीतून आज्ञा चालवता येत होती. सीव्हीई-२०२३-३२७००. तिथे स्क्रिप्टमध्ये काहीही लिहिलं तरी उपयोग नाही, टेक् लाइव्हच नवं करावं लागेल.

पैनगंगा (हिंगोली)

माझा प्रबंध लोकगीतांवर आहे. माझी अडचण वेगळी आहे, पण नावांचीच आहे म्हणून इथे लिहिते.

एका प्रकरणात ‘वऱ्हाड’ नावाचं छायाचित्र आहे. जुन्या स्क्रिप्टने ते बरोबर यायचं. नवी म्हणते फाइल सापडत नाही. फोल्डरात फाइल समोर दिसते, नाव अक्षरशः तेच. मी नाव पुसून पुन्हा टाइप केलं की चालतं. छायाचित्रं माझ्या मार्गदर्शकांच्या जुन्या मॅकवरून घेतली आहेत. ‘कुऱ्हाड’ आणि ‘तऱ्हा’ या फायलींचंही तेच. बाकी सगळी मराठी नावं चालतात.

खिळेजुळारी (नांदेड)

पैनगंगाताई, फार मोलाची माहिती दिलीत. तिन्ही नावांत ऱ आहे, तिथेच मेख आहे.

युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे त्याचा स्वतःचा संकेत, ०९३१. दुसरा म्हणजे साधा र, ०९३०, आणि त्यापुढे नुक्ता, ०९३सी. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान धरायचे असतात. आपल्या कळफलकावरून बहुधा पहिला उमटतो. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था मात्र नावं फोडून ठेवते, त्यामुळे तिथून आलेल्या नावात र आणि नुक्ता असे दोन संकेत असतात. पडद्यावर काडीचा फरक दिसत नाही. लिनक्स नावातले बाइट बघतो, त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं आहेत.

जुनी स्क्रिप्ट नाव जसं मिळालं तसं पुढे द्यायची. नवी स्क्रिप्ट सगळी नावं आधी जोडरूपात, म्हणजे ऱ च्या एकाच संकेतात, आणते. हेतू चांगला, पण डिस्कवरची फाइल फोडलेल्या नावानेच पडलेली असते. स्क्रिप्ट जोडलेल्या नावाने तिला हाक मारते आणि ती सापडत नाही. बाकीच्या मराठी नावांना त्रास होत नाही, कारण क, ख, ग ही अक्षरं फुटतच नाहीत.

याच्यात एक धोकाही आहे. एका फोल्डरात दोन्ही प्रकारची ‘वऱ्हाड’ असली, एक ताईंची आणि एक मार्गदर्शकांची, तर स्क्रिप्ट दोघांचं उत्पादन एकाच नावाने लिहील आणि एक दुसरीवर पडेल. शिवाय काही जण रचा पाय मोडून त्यापुढे शून्यरुंदीचा, न दिसणारा जोडक घालून तेच रूप काढतात. तो तिसरा प्रकार, आणि जोडरूप करूनही तो बाकीच्या दोघांशी एक होत नाही.

दुधना भाऊ, फायलींच्या नावांना हात लावू नका. शोधताना तुलनेपुरतं दोन्ही नावांचं जोडरूप करा, पण उघडताना डिस्कवर आहे तेच नाव वापरा. जुळणारी दोन नावं सापडली तर थांबून विचारा.

दुधना (जालना)

हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. ताई, ती तीन नावं मी चाचणीच्या फोल्डरात घेतो, मॅकच्या रूपातच.

शेल-एस्केपचं अजून बाकी आहे. असं केलं तर? मुळात बंद, आणि हवं असेल त्याने आज्ञेत स्पष्ट लिहून चालू करायचं.

खिळेजुळारी (नांदेड)

पटलं. मात्र चालू केल्यावर ते त्या एका फाइलीपुरतंच असावं, कुठे जपून ठेवू नये. आणि मिंटेडची नवी, तिसरी आवृत्ती घेतली तर ही मोकळीक द्यायची गरजच बहुतेक उरत नाही.

आता राहिलेला मुद्दा लिहितो. मला हा सगळ्यात गंभीर वाटतो, कारण यात शेल-एस्केप बंद असूनही दार उघडतं.

नवी स्क्रिप्ट झीलाटेक् स्वतः पुन्हा पुन्हा न चालवता ते काम लाटेक्-एमके या पर्लमधल्या प्रोग्रामवर सोपवते. प्रोग्राम उत्तम आहे, मीही वापरतो. पण तो ज्या फोल्डरात उभा असतो तिथली स्वतःच्या नावाची मांडणी-फाइल वाचतो आणि ती फाइल म्हणजे पर्लचा चालता प्रोग्राम असतो. तिचं नाव टिंबाने सुरू केलं तर फोल्डर उघडल्यावर ती दिसतही नाही. विद्यार्थ्याने अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर आणलं, त्यात ती लपलेली फाइल असली, की आपण ‘बांध’ म्हणताक्षणी तिच्यातलं पर्ल आपल्या संगणकावर चालतं. टेक्चा त्यात संबंधच येत नाही. यावर उपाय आहे: नो-आरसी हा पर्याय दिला की लाटेक्-एमके अशा फायली वाचत नाही. नव्या स्क्रिप्टमध्ये तो नाही.

आता याच्या जोडीला दुसरी ओळ बघा. टेक् लाइव्हमध्ये लिहिण्याच्या परवानगीची एक मांडणी असते. मुळात ती सगळ्यात कडक ठेवलेली असते: टेक्ला चालू फोल्डराच्या वर लिहिता येत नाही आणि टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची फाइल बनवता येत नाही. नव्या स्क्रिप्टने ती मांडणी पूर्ण सैल केली आहे, बहुधा पीडीएफ वेगळ्या फोल्डरात काढायची म्हणून. त्यासाठी झीलाटेक्चा उत्पादन-फोल्डराचा पर्याय पुरेसा होता.

दोन्ही ओळी एकत्र आल्या की काय होतं? टेक्ची एक साधी फाइल, सोबत काहीही न आणता, पहिल्या बांधणीत ती लपलेली पर्ल फाइल स्वतःच लिहून ठेवू शकते. प्रूफ दुरुस्त करून तुम्ही दुसऱ्यांदा बांधलं की ती चालते. घरच्या फोल्डरातल्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलीवरही लिहिता येतं, मग पुढचं लॉगिन पुरेसं आहे.

टेक्ची फाइल म्हणजे नुसता मजकूर, तिचं काय भ्यायचं, असं आपल्याकडे अजून ऐकू येतं. चेकोवे, शाचम आणि रेस्कोर्ला या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिलं की टेक्च्या फाइलींतून आज्ञा चालवता येतात, विषाणू पसरवता येतो आणि संगणकावरची माहिती बाहेर नेता येते. टेक्ची मॅक्रो-भाषा ही पूर्ण प्रोग्रामिंग-भाषाच आहे आणि तिला फायली वाचता-लिहिता येतात.

मांजराकाठ (लातूर)

वाचण्याच्या परवानगीचं काय? आमच्या सर्व्हरवर प्रश्नपत्रिकाही जुळतात, म्हणून विचारते.

काळीमाती (परभणी)

मॅडम, वाचायला टेक्ला मुळातच मोकळीक असते. जी फाइल तुमच्या लॉगिनला वाचता येते ती टेक्लाही वाचता येते, आणि कोणी प्रबंधात एक ओळ घालून ती पीडीएफमध्ये छापूनही नेऊ शकतं. म्हणून बाहेरच्या फायली बांधायला वेगळं लॉगिन करा, त्याला प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरात शिरकाव देऊ नका. प्रश्नपत्रिका तर त्या सर्व्हरवर ठेवूच नका, असंच मी म्हणेन. हे काम स्क्रिप्टच्या आवाक्यातलं नाही.

दुधना (जालना)

लिहिण्याची परवानगी सैल केली होती ती उत्पादन-फोल्डरासाठीच. तो पर्याय वापरून बघितला, काम होतंय, त्यामुळे ती ओळ काढली. नो-आरसी लावलं. शेल-एस्केप मुळात बंद केलं. सेफर पुन्हा लिहिलं. तात्पुरतं फोल्डर पायथनच्या साधनाने बनतंय. आज्ञा यादीने जातात. निकालाचा आकडा तपासून, बिघडलं तर लाल अक्षरात कुठल्या ओळीवर अडलं ते मराठीत सांगतो आणि जुनी पीडीएफ आधी पुसतो. ऱ चं काम अर्धं झालंय, दोन नावं जुळली तर विचारण्याचा भाग बाकी आहे.

जुळारी भाऊ, चाचणीसाठी वाकड्या नावांचा एक संच द्याल का? यापुढे एकही बदल त्या संचावरून गेल्याशिवाय बाहेर सोडणार नाही.

खिळेजुळारी (नांदेड)

देतो. मोकळी जागा, कंस, अर्धविराम, डॉलर, दोन्ही प्रकारची अवतरणं, सुरुवातीला उणे, तिन्ही प्रकारचा ऱ, आणि नावातच नवी ओळ असलेली एक फाइल. एक लपलेली मांडणी-फाइलही ठेवतो, जी चालली तर चाचणीच्या फोल्डरात खूण सोडेल. एक फाइल मुद्दाम महिरपी कंस उघडा ठेवून करतो, बिंदुसरा काकांच्या पत्रिकेसारखी.

जुन्या स्क्रिप्टमधल्या खुलासा नसलेल्या ओळी मी पुन्हा एकदा वाचतोय. प्रत्येक ओळ कशासाठी होती ते नव्या स्क्रिप्टमध्ये शेजारी लिहून ठेवावं, म्हणजे पुढे कोणी हे तिसऱ्यांदा लिहायला घेतलं तर त्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

बिंदुसरा (बीड)

माझं मशीन विंडोजचं आहे. हे सगळं तिथं लागू होतंय का? का आणखी काही वेगळं?

काळीमाती (परभणी)

काका, बहुतेक सगळं लागू होतं आणि एक गोष्ट जास्तीची. विंडोजमध्ये प्रोग्रामचं नुसतं नाव घेतलं की नेहमीच्या वाटेवर शोधण्याआधी चालू फोल्डर बघितलं जातं. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हच्या फोल्डरात उभं राहून स्क्रिप्टने घोस्टस्क्रिप्टला हाक मारली आणि तिथे त्याच नावाचा दुसरा प्रोग्राम ठेवलेला असला, तर तोच चालेल. म्हणून विंडोजवर स्क्रिप्टने प्रोग्रामची पूर्ण वाट द्यायला हवी. आणि फाइल आधी स्वतःच्या फोल्डरात उतरवून घ्या, पेनड्राइव्हवरच बांधू नका.

दुधना (जालना)

पूर्ण वाटेचा बदल करतोय. काका, तुमच्याकडे घोस्टस्क्रिप्ट कुठल्या फोल्डरात आहे आणि आवृत्ती कुठली, तेवढं कळवा.

बिंदुसरा (बीड)

सी ड्राइव्हला प्रोग्राम फाइल्समध्ये जीएस नावाचं फोल्डर आहे, त्यात. आवृत्ती ९.२७ दाखवायलंय.

काळीमाती (परभणी)

९.२७ म्हणजे ९.५० च्या आधीची, तिथे सेफर आपोआप लागत नाही. काका, आधी घोस्टस्क्रिप्ट नवं बसवा, मग दुधना भाऊंची दुरुस्त स्क्रिप्ट घ्या. मधल्या दिवसांत बाहेरून आलेली पोस्टस्क्रिप्ट किंवा ईपीएस फाइल त्या मशीनवर उघडू नका, पीडीएफच मागवा, आणि तीही त्या घोस्टस्क्रिप्टमधून काढू नका.